बचत संघाचा जमाखर्च संगणकावर: प्रकल्पाच्या नोंदी

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

पदवीच्या पहिल्या वर्षाच्या संगणक विषयासाठी प्रत्येक जोडीने एक प्रकल्प करायचा असून त्याच्या नोंदी तारीखवार ठेवायच्या आहेत. आज विषय देण्याचा शेवटचा दिवस होता. आम्ही आमच्या गावातील स्त्रीशक्ती संघाचा जमाखर्च संगणकावर आणण्याचा विषय दिला आणि मॅडमनी तो एका अटीवर मान्य केला. महाविद्यालयात जमा करायच्या प्रतीत कोणाही बाईचे नाव येता कामा नये, तिथे फक्त सभासद क्रमांक असावा. अट रास्त आहे, कारण कोणाकडे किती कर्ज आहे हे गावाबाहेर जाण्याचे काहीच कारण नाही.

गाव बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला आहे. कर्नाटकात स्त्रीशक्ती योजना २०००-०१ साली सुरू झाली आणि तिच्या आधाराने गावोगावी जे संघ उभे राहिले, त्यांपैकीच हा एक. सभासद १४, बैठक दर सोमवारी दिवेलागणीला, बचत माणशी ५० रुपये, आणि जमलेल्या रकमेतून आपसांत दिलेल्या कर्जावर महिना २ टक्के व्याज, असा त्यांचा व्यवहार आहे. माझी आई पहिल्यापासून सभासद आहे. सगळा हिशेब जाड पुठ्ठ्याच्या एका वहीत असून तो सचिव असलेल्या वहिनींच्या हातचा आहे. वही मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, “वही देवघरातून हलायची नाही. इथंच बसून काय हवं ते लिहून घे.” त्यामुळे वहीची पाने उतरून घेणे हे काम गावात आणि बाकीचे महाविद्यालयाच्या लॅबमध्ये, अशी विभागणी झाली.

माझी जोडीदारीण बैलहोंगल तालुक्यातील आहे. तिच्या घरी मराठी नाही आणि माझ्या घरी कन्नड नाही, पण वर्गात आम्ही दोघी दोन्ही भाषा मिसळून बोलतो. संघाला सभासदांसाठी मराठी सूचना लागतात आणि बँकेत द्यायची यादी कन्नडमध्ये लागते, म्हणून ही जोडी या कामाला योग्य आहे असे मला वाटते.

११ ऑगस्ट, सोमवार

आजचा पूर्ण तास कळफलकावर गेला. आतापर्यंत मी मोबाईलवर रोमन अक्षरांत मराठी लिहून ते देवनागरीत बदलून घेत होते. मॅडमनी ती सवय बाजूला ठेवून इन्स्क्रिप्ट शिकायला सांगितले. हा केंद्र सरकारने प्रमाण ठरवलेला कळफलक असून विंडोजमध्ये भाषा जोडली की तो आपोआप मिळतो, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही.

त्याची मांडणी एकदा लक्षात आली की पाठांतराचे ओझे निम्म्याने उतरते. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. इंग्रजी एफ आणि जे या कळांवर बोटाला लागणारी बारीक उंचवटी असते. तिथे दोन्ही तर्जन्या ठेवल्या की डाव्या बोटाखाली ऱ्हस्व वेलांटी येते आणि उजव्या बोटाखाली र येतो. र च्या पुढे ओळीने क, त, च. त्याच कळा शिफ्टसह दाबल्या की क चा ख, त चा थ, च चा छ होतो, म्हणजे बाराखडी शिकताना जी जोडी तोंडात बसलेली आहे तीच इथे बोटांत बसते. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी दिसत असली तरी इथे ती अक्षरानंतर दाबायची असते, कारण संगणक अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवतो.

मला खरे नवल वाटले ते पुढे. जोडीदारणीने शेजारच्या संगणकावर कन्नड भाषा निवडली आणि मी मराठीसाठी दाबत होते त्याच कळांवर तिने ‘कमल’ उमटवले. क ची कळ कन्नडमध्येही क चीच आहे, म आणि ल च्या कळाही त्याच आहेत, आणि आम्हा दोघींच्या भाषांत असलेला ळ दोन्हीकडे शिफ्टसह एन या एकाच कळेवर आहे. भारतीय लिप्यांची वर्णमाला मुळात एकाच क्रमाने चालते, हे ध्यानात घेऊन ही मांडणी केलेली आहे. आमच्या भागात एका हाताने दोन लिप्या लिहिण्याची गरज रोजची आहे, आणि ती भागवणारी व्यवस्था आधीपासून तयार होती, ही गोष्ट मला बारावीपर्यंत कोणी सांगितली नव्हती.

१८ ऑगस्ट, सोमवार

वहीच्या ऑगस्ट महिन्याच्या पानावरून पहिला तक्ता तयार केला. लॅबमध्ये तक्ते आणि पत्रे करण्यासाठी लिबरऑफिस आहे. २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळे झालेले हे सॉफ्टवेअर विनामूल्य असल्यामुळे गावातील संगणकावरही ते टाकता येईल. डावीकडे उभे १४ सभासद, वर आडव्या तारखा, जशी वही तसाच तक्ता आम्ही मांडला.

खाली बेरजेचे सूत्र दिले आणि उत्तर शून्य आले. रकान्यात चौदा ओळी भरलेल्या स्पष्ट दिसत असताना बेरीज शून्य का येते, हे शोधण्यात आमचा पाऊण तास गेला. शेवटी जोडीदारणीच्या लक्षात आले की सगळे आकडे खान्याच्या डाव्या कडेला चिकटलेले आहेत. संख्या असती तर ती उजव्या कडेला सरकली असती. मी वहीप्रमाणे प्रत्येक रकमेपुढे ‘रु.’ लिहिले होते. आमच्यासाठी ती रक्कम होती, पण तक्त्यासाठी ती नुसती अक्षरे होती, आणि अक्षरांची बेरीज तो करत नाही. खान्यात केवळ अंक भरले आणि रुपयाचे चिन्ह खान्याच्या स्वरूपात निवडले, तेव्हा ७०० ही बेरीज आली. मांडणीतून दिसणारी गोष्ट वेगळी आणि खान्यात साठवलेली वेगळी, हा फरक आज मला नीट समजला.

२५ ऑगस्ट, सोमवार

तारखांचा घोळ झाला. ऑगस्टच्या चार बैठका ४, ११, १८ आणि २५ तारखेच्या. आपण लिहितो तसे आधी दिवस, मग महिना, मग वर्ष असे तिरक्या रेघांनी लिहिले होते. क्रमाने लावून पाहिले तर ४ ऑगस्ट ही ८ एप्रिल झाली होती आणि ११ ऑगस्ट ही ८ नोव्हेंबर झाली होती. १८ आणि २५ मात्र जशाच्या तशा, पण डाव्या कडेला, म्हणजे अक्षरे म्हणून राहिल्या होत्या. संगणकाचा प्रदेश अमेरिका असा निवडलेला होता आणि तिकडे महिना आधी लिहितात. अठरावा किंवा पंचविसावा महिना नसल्यामुळे त्या दोन तारखा त्याला तारखा वाटल्याच नाहीत. मागच्या आठवड्यात डाव्या कडेचा अर्थ शिकलो नसतो, तर आज ही चूक सापडायला फार वेळ लागला असता. प्रदेश भारत असा बदलून चारही तारखा पुन्हा भरल्या.

परवा गणेश चतुर्थी आहे, त्यामुळे काम दहा-बारा दिवस थांबेल.

८ सप्टेंबर, सोमवार

गणपतीच्या सुटीत वहिनींच्या सोप्यावर बसून जानेवारीपासूनची सगळी पाने उतरून घेतली. पाऊस इतका होता की वीज दिवसातून चार वेळा जात होती, म्हणून आधी कागदावर आणि मग लॅबमध्ये, असे दुहेरी लिखाण करावे लागले.

आज तक्त्याची मांडणी मुळापासून बदलली. वहीच्या पानासारखा तक्ता डोळ्यांना ओळखीचा वाटतो, पण दर आठवड्याला नवा रकाना वाढत जातो, आणि बचत, हप्ता व व्याज एकाच चौकटीत कोंबावे लागते. मॅडमनी सुचवले की एक व्यवहार म्हणजे एक ओळ धरावी, आणि त्या ओळीत तारीख, सभासद क्रमांक, प्रकार आणि रक्कम एवढेच असावे. आता एका बाईची एकूण बचत हवी असेल तर समइफ्स या सूत्राला तिचा क्रमांक आणि ‘बचत’ हा प्रकार द्यायचा, की त्या दोन्हींशी जुळणाऱ्या सगळ्या रकमा ते शोधून मिळवते. या मांडणीत चूकही एकाच ओळीत राहते आणि ती शोधता येते.

१५ सप्टेंबर, सोमवार

संघाने मागच्या वर्षी तालुक्याच्या गावी टायपिंगच्या दुकानातून करून घेतलेली एक सूचना वहिनींनी पेनड्राइव्हवर दिली होती. लॅबमध्ये उघडली तर सर्व पानभर इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम आणि कंस यांचा गोंधळ दिसला. वहिनींना वाटले होते की पेनड्राइव्ह खराब झाला आहे, पण फाईल शाबूत होती.

कारण असे आहे. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये मराठीला स्वतःची जागा नव्हती. इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर देवनागरी अक्षराचे चित्र बसवलेले असे. तो फॉन्ट ज्या संगणकावर आहे तिथे मराठी दिसते, आणि जिथे नाही तिथे खालचे इंग्रजी उघडे पडते. युनिकोड ही प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक देणारी पद्धत आहे; तिच्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र गट राखलेला आहे आणि कन्नडसाठी तितक्याच जागांचा दुसरा, त्यामुळे क हा कोणत्याही फॉन्टमध्ये क च राहतो. जोडीदारीण म्हणाली की कन्नडच्या जुन्या फाईलींनाही नेमके हेच होते आणि तिच्या वडिलांच्या जमिनीचा एक अर्ज असाच वाया गेला होता.

ती सूचना छापील प्रतीवरून आम्ही युनिकोडमध्ये पुन्हा टंकली. त्यात ‘दुसऱ्या सोमवारी’ हे शब्द होते आणि तिथे मी अडले. नेहमीचा र, हलन्त आणि य दाबला की ‘सूर्य’ मधल्यासारखा रफार वर जाऊन बसतो आणि शब्द नीट वाचता येत नाही. आडव्या र साठी शिफ्टसह जे दाबायचे, मग हलन्तासाठी डी आणि मग य. शाळेत ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक बाईंनी फळ्यावर लिहून दाखवला होता, तो इथे दोन निराळ्या कळांत उतरला आहे. रोमनमधून मराठी लिहिणाऱ्यांकडून हा आडवा र बहुधा चुकतो, आणि चुकलेला तसाच छापला जातो. मला ते खटकते. आपल्या भाषेतील अक्षर यंत्रात असताना ते शोधण्याचे कष्ट आपणच घेतले पाहिजेत.

२२ सप्टेंबर, सोमवार

व्याजाचे सूत्र केले. दर २ टक्के हा एकाच खान्यात, वरच्या कोपऱ्यात ठेवला, म्हणजे उद्या संघाने दर बदलला तर एकाच ठिकाणी दुरुस्ती करावी लागेल. पहिल्या ओळीत शिल्लक गुणिले दर असे सूत्र दिले आणि ते खाली ओढले. पहिल्या ओळीत व्याज बरोबर आले, दुसरीपासून पुढे सगळीकडे शून्य.

सूत्र एक ओळ खाली गेले की त्यातील दोन्ही खान्यांचे पत्तेही एकेक ओळ खाली सरकतात. शिल्लक सरकली ते हवेच होते, पण दराचा पत्ताही सरकून खालच्या रिकाम्या खान्यावर गेला आणि शून्याने गुणाकार झाला. दराच्या पत्त्यात रकान्याच्या अक्षराआधी आणि ओळीच्या क्रमांकाआधी डॉलरचे चिन्ह लावले की तो जागचा हलत नाही. पुस्तकात हे एका ओळीत दिलेले असते आणि मी ते वाचलेलेही होते. प्रत्यक्ष शून्ये पाहिल्यावर ते डॉलरचे चिन्ह तिथे कशासाठी असते हे कळले.

सूत्र चालू लागल्यावर एक तुलना करून पाहिली. १०,००० रुपये कर्ज, दहा महिने, दरमहा १,००० मुद्दल. शिल्लक रकमेवर २ टक्के धरले तर पहिल्या महिन्यात २०० रुपये व्याज, मग १८०, मग १६०, असे उतरत जाऊन एकूण व्याज १,१०० होते. हाच दर दहाही महिने मूळ रकमेवर लावला तर २,००० होते. दर दोन्हीकडे तोंडाने ‘दोन टक्के’ असाच सांगितला जातो आणि फरक ९०० रुपयांचा पडतो. आमचा संघ शिल्लक रकमेवरच व्याज घेतो. आईला हा तक्ता छापून दाखवला तेव्हा तिने बाहेरून घेतलेल्या एका जुन्या कर्जाचे आकडे आठवून सांगितले आणि बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली.

२९ सप्टेंबर, सोमवार

आज तक्ता आणि वही यांचा मेळ घेतला. तेरा खाती जुळली, एक जुळले नाही.

न जुळलेले खाते ज्या काकूंचे, त्यांनी जानेवारीत १०,००० रुपये कर्ज घेतले. हप्ता दर महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी, फेब्रुवारीपासून. सप्टेंबरपर्यंत आठ हप्ते झाले, म्हणजे मुद्दल २,००० राहायला हवे. वहीत ३,००० होते. तक्ता चुकला असावा असे धरून आम्ही प्रत्येक ओळ पुन्हा तपासली. सगळे आठही हप्ते वहीत होते. मग मी संध्याकाळी गावी वहिनींकडे जाऊन ते पान पुन्हा पाहिले.

जूनमध्ये वहीचे पान भरले होते. खालची ओळ संपल्यावर वहिनींनी शिल्लक ६,००० काढून पुढच्या पानावर नेली, आणि त्यानंतर त्याच संध्याकाळी काकूंनी आणून दिलेला जूनचा हप्ता जुन्या पानाच्या समासात उभा लिहिला. पैसे पोहोचले, नोंद झाली, पण पुढच्या पानावरचे ६,००० तसेच राहिले. त्यामुळे जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर या तीन महिन्यांत दरवेळी २० रुपये व्याज जास्त लागले, म्हणजे ६० रुपये, आणि अखेरीस काकूंना १,००० रुपयांचा एक हप्ताही जास्त भरावा लागला असता.

वहिनी त्या समासाकडे पाहून एकदम गप्प झाल्या. गेली अनेक वर्षे त्या हे काम एक पैसाही न घेता करत आहेत आणि बाकी सगळी खाती पैशापैशाने जुळली, हे मी त्यांना दोनदा सांगितले. मग त्याच म्हणाल्या, “पुढच्या बैठकीत मीच वाचून दाखवते.”

६ ऑक्टोबर, सोमवार

वहिनींनी बैठकीत वही आणि छापील तक्ता शेजारी ठेवून सगळी हकिकत स्वतः सांगितली. ठराव असा झाला की काकूंचे मुद्दल २,००० धरावे, आणि जास्त घेतलेल्या ६० रुपयांपोटी ऑक्टोबरचे ४० आणि नोव्हेंबरचे २० रुपये व्याज घेऊ नये. वही बंद करायची नाही, तीही चालू ठेवायची आणि मार्चपर्यंत दर महिन्याला तक्त्याशी ताडून पाहायची, असेही ठरले. मला हे योग्य वाटते. वीज नसली तरी वही उघडते, आणि जिच्या अक्षरावर १४ जणींचा विश्वास आहे ती वही काढून घेण्याचा हा प्रकल्प नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मेलमर्ज पूर्ण केले. सूचनेचा मजकूर एकदाच लिहिला, त्यात नाव, एकूण बचत, शिल्लक मुद्दल आणि पुढचा हप्ता यांच्या जागा मोकळ्या ठेवल्या आणि त्या तक्त्याला जोडल्या. एका आज्ञेत १४ जणींच्या १४ सूचना तयार झाल्या. नावांची मूळ फाईल माझ्या पेनड्राइव्हवर आहे, लॅबच्या संगणकावर ती ठेवलेली नाही. छपाईसाठी फाईल पीडीएफ करून दिली, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बांधलेला असतो आणि दुकानातील संगणकावर तो नसला तरी अक्षरे फुटत नाहीत.

बँकेसाठी कन्नड यादी करताना ११ ऑगस्टचे शिक्षण कामी आले. १४ नावांपैकी बहुतेक नावे मी मराठीच्याच कळांनी कन्नडमध्ये उमटवली. अडचण आली ती ए आणि ओ यांची. कन्नडमध्ये हे दोन्ही स्वर ऱ्हस्व आणि दीर्घ असे वेगवेगळे आहेत आणि मराठीत तो भेद लिहिला जात नाही. बेळगावी हा शब्द मी मराठीच्या मात्रेच्या कळेने, म्हणजे एसने, लिहिला तर तिथे दीर्घ ए आला. ऱ्हस्व ए साठी झेड ही कळ आहे. जोडीदारणीने मग एक जोडी लिहून दाखवली. देवनागरीत दोन्ही शब्द ‘बेळे’ असेच दिसतील, पण ऱ्हस्व ए असेल तर त्याचा अर्थ पीक आणि दीर्घ असेल तर डाळ. पीककर्जाच्या अर्जात एवढी एक कळ चुकली तर अर्थ पार बदलतो. तिने माझी यादी तपासून चार ठिकाणी झेड केले, आणि मी तिच्या मराठी मसुद्यातील दोन ठिकाणचे ळ दुरुस्त केले.

लॅबमधील संगणक विंडोज १० वर चालतात आणि मायक्रोसॉफ्ट १४ ऑक्टोबरपासून त्याचा नेहमीचा आधार थांबवत आहे. आमचे काम खुल्या स्वरूपाच्या फाईलींत आणि युनिकोडमध्ये असल्यामुळे पुढे यंत्रे बदलली तरी ते उघडेल.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी प्रकल्पाची प्रत क्रमांकांसह महाविद्यालयात जमा केली. संध्याकाळच्या बैठकीला जोडीदारीणही गावी आली होती. सूचना वाटल्या तेव्हा बायकांनी त्या आधी स्वतःचे नाव शोधून वाचल्या आणि मग शेजारणीला दाखवल्या. ज्या दोघींना वाचता येत नाही त्यांना आईने आकडे हळू आवाजात, बाजूला बसवून सांगितले.

ऑक्टोबरचा हा दुसरा सोमवार असल्याने काकूंचा हप्ताही आजच होता. त्यांनी पदराच्या गाठीतून पाचशेच्या दोन नोटा काढल्या, व्याजाचे चाळीस वेगळे ठेवले होते ते वहिनींनी परत केले. वहिनींनी वहीत लिहिले, मी लॅपटॉपवर तारीख, क्रमांक, ‘हप्ता’ आणि १००० अशी ओळ भरली. शिल्लक मुद्दलाच्या खान्यात १००० आले. काकूंनी वहीतला आकडा पाहिला, मग वाकून पडद्यावरचा पाहिला, आणि सूचनेचा कागद चौघडी करून बटव्यात ठेवला.